एकटं कासव एकाकी नसतं

क्रॉफर्ड मार्केटमधून लाल कानाचं कासव आणलं की कोणीतरी सांगतंच, ‘एकटं झुरेल हो, जोडी करा.’ हे चुकीचं आहे. या कासवाला सोबतीची गरज नसते. फ्लॅटमधल्या टाकीत दोघं ठेवली की ऊन खायच्या जागेवरून ढकलाढकली होते, शेपटी-पायांचे चावे होतात आणि दबलेलं कासव खाणं सोडतं. नर असला तर मादीच्या मागे लागून तिला दमवतो. आरसाही नको, त्यात त्याला प्रतिस्पर्धीच दिसतो.

मग ते काचेवर सतत पाय का मारतं? बहुधा टाकी अपुरी असते, पाणी तापलेलं असतं किंवा तुम्ही दिसलात की खाऊ मिळतो हे त्याला कळलेलं असतं.

कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी धरा. पूर्ण अंग कोरडं होईल असा ओटा द्या. त्यावर ३२ ते ३५ अंश ऊब आणि रोज १०-१२ तास यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवा हवा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. पावसाळ्यात तर दिव्याला पर्यायच नाही.

विरंगुळा खाण्यातूनच द्या: जलकुंभी तरंगत सोडा, खाद्याच्या गोळ्या एकाच कोपऱ्यात न टाकता विखरून टाका. मोठ्या कासवाला गोळ्या एक दिवसाआड, सगळ्या मिळून त्याच्या डोक्याएवढ्याच. अधूनमधून लाकूड-दगडांची जागा बदला, पण दगड त्याच्या डोक्यापेक्षा मोठेच असू द्या, लहान गिळले जातात.

पाळायचा कंटाळा आला म्हणून पवई तलावात मात्र सोडू नका. तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर ते हक्क सांगतं.