क्रेन, चेन ब्लॉक आणि स्लिंगची वार्षिक तपासणी: कोणाकडून करायची, कागदपत्रं कोणती

कुपवाड, मिरज किंवा सातारा एमआयडीसीत फाउंड्री असो की फॅब्रिकेशन, कारखान्यात वजन उचलायचं साधन असेल तर त्याची तपासणी चुकवता येत नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 प्रमाणे क्रेन, चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायचं साधन), साखळी, वायर रोप (तारांचा दोर), स्लिंग (वजनाला बांधून हूकला अडकवायचा दोर, साखळी किंवा पट्टा), हूक यांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हायला हवी. लिफ्टला कलम 28 लागतं, तिथं मुदत 6 महिन्यांची. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली असली तरी संक्रमणकाळात जुने नियम चालूच आहेत. त्या सबबीवर तपासणी पुढं ढकलू नका.

सक्षम व्यक्ती म्हणजे आपला वीस वर्षांचा फिटर नव्हे. शिक्षण, अनुभव आणि तपासणीची साधनं पाहून कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांनी मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था लागते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. मान्यतापत्राची प्रत आधी मागून घ्या. त्यात वजन उचलणारी साधनं आहेत का आणि मुदत कधी संपते, एवढं तरी वाचाच.

बोलावण्याआधी प्रत्येक साधनाची यादी करा: ओळखक्रमांक, सुरक्षित भार (जास्तीत जास्त किती वजन उचलायचं तो आकडा), खरेदीची तारीख. सोबत उत्पादकाचं चाचणी प्रमाणपत्र, मागचा अहवाल आणि दुरुस्तीची नोंद ठेवा. हूक बदलला असेल, ब्रेक उघडला असेल तर तेही लपवू नका.

लोक अडकतात ते ओळखक्रमांकावर. आमच्याकडं एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी चेन ब्लॉकला छान पिवळा रंग मारला आणि कोरलेला नंबर, टनाचा आकडा, सगळं बुजलं. अहवाल कोणत्या ब्लॉकचा, हेच सांगता येईना. शेवटी पॉलिश पेपरनं घासून नंबर वर काढला. रंग मारण्यापेक्षा ग्रीस पुसा, तडा दिसू द्या. जिथं खूण कोरणं शक्य नाही तिथं सुरक्षित भाराचा तक्ता कामाच्या जागी ठळक लावायचा असतो.

वायर रोप हातमोजा घालून तपासा. वापरातलं माप असं: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या 10 टक्क्यांवर गेल्या की दोर बाद. म्हणजे 20 मिमी दोराच्या 160 मिमी तुकड्यात, एकूण तारा 114 असतील तर 12 तुटलेल्या मिळाल्या की झालं. स्लिंगचे दोन पाय, म्हणजे हूकपासून वजनापर्यंत जाणाऱ्या दोन बाजू, आडव्याशी 30 अंशांवर आले, तर प्रत्येक पायावर अख्ख्या वजनाएवढा ताण येतो. 2 टनांचा जॉब (उचलायची वस्तू) असेल तर एकेका पायावर 2 टन. हे पोरांना भिंतीवर खडूनं काढून दाखवा.

तपासणीनंतरचा अहवाल रजिस्टरला लावा, निरीक्षक मागतील तेव्हा तो दाखवावा लागतो. साखर कारखान्यांनी गव्हाणीवरच्या (गाळपासाठी ऊस टाकतात तिथल्या) क्रेनची तपासणी गाळप सुरू होण्याआधीच उरकावी. एकदा उसाच्या गाड्यांची रांग लागली की क्रेन थांबवायची परवानगी कुणी देत नाही.