कोणता शेर? मुंबईच्या बाजारातल्या वजनांची पार्श्वभूमी

दादरच्या बाजारात आजही कुणी 'पावशेर वाटाणे द्या' म्हटलं, की भाजीवाली काट्यावर २५० ग्रॅमचा आकडा येईपर्यंत पारड्यात शेंगा टाकते. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा थोडा फायदाच. तोळ्याचं उलट झालंय. सराफ आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात, मूळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. भाजीत असा फरक कुणाला कळत नाही. जुन्या हाताने लिहिलेली मसाल्याची यादी घेऊन लालबागच्या मसाला बाजारात गेलं, की मात्र त्याची चव लागते.

मुळात मुंबईत शेर कधीच एक नव्हता. इथला जुना शेर ७२ टांकांचा, टांक हे त्याहून बारीक वजन. असे ४० शेर म्हणजे एक मण, आणि हा मण २८ पौंडांचा. त्या हिशेबाने शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा पडतो. त्याचा आठवा हिस्सा नऊ टांक, तीच नवटाक. (दारूबंदीच्या काळात मुंबईत ही नवटाक वाण्याकडे कमी आणि गुत्त्यावर जास्त मागितली गेली, पण तो विषय वेगळा.) वीस मणांची एक खंडी, म्हणजे ५६० पौंड. कापसाची खंडी मात्र २८ मणांची, ७८४ पौंडांची, आणि कापसाचा भाव आजही ३५६ किलोंच्या या खंडीवरच बोलला जातो. शहर एक, खंड्या दोन. माल कोणता ते सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नव्हता.

त्यात आणखी एक शेर येऊन मिसळला. कंपनी सरकारने १८३३ मध्ये बंगालमध्ये १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, तोळा कायम केला आणि १८३५ पासून चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. तोळ्याचं वजन हाताशी नसलं तर खणखणीत रुपया पारड्यात टाकून काम भागे. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा आणि ४० शेरांचा बंगाली मण ३७.३२ किलोंचा. रेल्वेने हाच मण धरला, त्यामुळे त्याला देशभर वाट मिळाली. मुंबईचा स्वतःचा मण होता १२.७ किलोंचा. दोन मणांत जवळजवळ तिपटीचा फरक, आणि बोलताना दोघांनाही 'मण'च म्हणायचं!

धान्याची तऱ्हा आणखी निराळी, कारण ते तोलत नसत, मापत. चार शेरांची पायली, शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं. पहिलं माप ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं. खरी घासाघीस व्हायची ती शिगेवरून, म्हणजे मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगावरून. माप काठोकाठ घ्यायचं की वर शीग चढवून, यावर पायलीमागे मूठभर दाणे इकडचे तिकडे होत. शिवाय मापी शेरभर तांदूळ आणि मापी शेरभर पोहे यांचं वजन सारखं भरणार कसं? स्वयंपाकघरातल्या वाटीचाही हाच घोळ आहे. २४० मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण २०० ग्रॅम मावते आणि मैदा १२० ग्रॅमच्या आसपास. मैदा दाबून भरला तर तोही आकडा पुढे सरकतो.

मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ मध्ये झाला. देशासाठीचा कायदा १९५६ चा. नवा पैसा एप्रिल १९५७ मध्ये आला आणि किलोग्रॅम १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. एप्रिल १९६२ पासून बाकीची वजनं व्यवहारातून कायद्याने बाद झाली. क्रम शहाणपणाचा होता असं मला वाटतं. दशमान हिशेब आधी खिशात रुळला, मग पारड्यात आला. शेर आणि किलोत फरक ६७ ग्रॅमचाच, त्यामुळे लोकांनी शब्द जुने ठेवले आणि वजन नवं घेतलं.

मसाल्याचं गणित बिघडतं ते इथेच. समजा यादीत मिरची एक शेर आणि लवंग दोन तोळे आहे. पक्क्या शेराने मिरची ९३३ ग्रॅम आणि लवंग २३.३ ग्रॅम, म्हणजे मिरचीच्या अडीच टक्के. आपण सवयीने एक किलो मिरची आणि २० ग्रॅम लवंग घेतो, तेव्हा हे प्रमाण दोन टक्क्यांवर येतं. लवंग पाचव्या हिश्श्याने कमी पडली. दालचिनी, वेलची, दगडफूल, तोळ्यात लिहिलेल्या प्रत्येक जिनसाचं हेच होतं. मग 'पूर्वीसारखा मसाला होत नाही' याचं खापर मिरचीवर फुटतं.

यादीतला शेर ७२ टांकांचा निघाला तर तेच दोन तोळे सव्वासात टक्क्यांवर जातात आणि मसाला तोंडात धरवणार नाही. म्हणून शेराचे किती तोळे हे यादीतच कुठे लिहिलंय का, ते आधी पाहावं. काही नसेल तर ८० धरून, शेराला ९३३ आणि तोळ्याला ११.६६ ग्रॅम घेऊन, पावशेरच्या बेताने मसाला करून बघावा. धणे चिपट्याने लिहिले असतील तर वजनाचा आकडा शोधत बसू नये. घरात जुनं चिपटं असेल तर ते धण्यांनी एकदा भरून तोलावं आणि येईल तो आकडा यादीच्या कडेला लिहून ठेवावा.