‘अपंगत्व दिसेल असा फोटो’: एका चौकटीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत दिव्यांग मुलाचा पहिला नीट फोटो बहुतेक वेळा अपंगत्वाच्या दाखल्यासाठीच निघतो. असा फोटो कसा काढावा आणि त्यात एडिटिंग किती करावं, यावरून आज बरीच ओढाताण होते. तिची मुळं अर्जाच्या कोपऱ्यातल्या, फोटो चिकटवायच्या छोट्या चौकटीत आहेत.

रोलच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. छत्तीस फोटो भरल्याशिवाय रोल धुवायला जात नसे, आणि रंगीत असेल तर एसटीच्या पार्सलने नागपूर-अमरावतीच्या लॅबला. मान न सावरणाऱ्या मुलावर दोनपेक्षा जास्त क्लिक कोण खर्च करणार? पहिला फोटो बरा येई. फ्लॅशने दचकलेलं मूल दुसऱ्या वेळी आधीच डोळे मिटून घेई. एडिटिंग तेव्हाही होतंच. निगेटिव्हवर मिडियम नावाचा चिकट द्रव लावून टोकदार शिसपेन्सिलीने व्रण भरला की प्रिंटमध्ये तो उजळून नाहीसा होई.

लपवण्याची ही सवय स्टुडिओची. दाखवण्याची सवय बाहेरून आली. १९९३ नंतर मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्यांबरोबर आदिवासी मुलांचे फोटो राज्यभर पोचले. त्या साच्यात कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर, लेन्स वाइड, मूल खाली जमिनीवर. अशाने डोकं मोठं आणि पाय काड्यांसारखे दिसतात, म्हणजे मूल आहे त्याहून वाईट अवस्थेत दिसतं. पुढे शिबिरांचे आणि साहित्यवाटपाचे फोटोही याच कोनातून निघत राहिले.

आता चौकटीकडे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार ठरवले आणि दाखल्याला वजन आलं. २००१च्या मूल्यमापन मार्गदर्शक सूचनांसोबत दाखल्याचा जो नमुना आला, त्यातल्या चौकटीत ‘अपंगत्व दिसेल असा’ साक्षांकित फोटो मागितला होता. नोकरीतल्या आरक्षणासाठीच्या २००५च्या नमुन्यातही तीच अट राहिली. या अटीच्या बाजूने एकच युक्तिवाद होता: दाखला दुसऱ्याने वापरू नये, चेहरा आणि अवयव एकाच कागदावर बांधलेले असावेत.

ऐकायला पटतं. पण हिशेब करून पाहा. दाखल्यावरचा फोटो साधारण ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. पोलिओचा पाय दाखवायचा तर मूल डोक्यापासून पायापर्यंत घ्यावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाचं डोकं उंचीच्या साधारण एक षष्ठांश असतं. म्हणजे त्या कागदावर चेहरा जेमतेम सहा-सात मिलिमीटर. त्यावर अर्धा गोल शिक्का. ओळख पटवण्यासाठी लावलेल्या फोटोत ओळखच बुडाली. शिवाय अपंगत्वाची टक्केवारी फोटोवरून कधीच ठरत नव्हती. सांध्याची हालचाल गोनिओमीटर या कोनमापकाने मोजतात, स्नायूंची ताकद शून्य ते पाच श्रेणीत, ऐकणं डेसिबलमध्ये, बुद्ध्यांक चाचणीने. मग तो फोटो होता कशासाठी, याचं समाधानकारक उत्तर नमुन्यात तरी नाही.

स्टुडिओत या अटीचा अर्थ काय व्हायचा? पायाला आधार देणारं कॅलिपर काढायचं, पँट गुडघ्यावर दुमडायची, उभं राहता येत नसेल तर आईने बगलेत धरायचं आणि नंतर आईचा हात क्रॉप करायचा. कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्र असेल तर तो कान कॅमेऱ्याकडे करता येई. यंत्रच नसेल तर दाखवायला काही नाही. मतिमंदत्व तर सातांतलाच एक प्रकार, त्याचं काय दाखवणार? मुलगी बारा-तेरा वर्षांची असली की हे सगळं किती अवघड होतं, ते अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसावं.

२००९च्या अखेरीस नियम बदलले आणि नव्या नमुन्यांत चौकटीतलं वाक्य उलटं झालं: फक्त चेहरा दिसेल असा फोटो. या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत शहाणा बदल हाच, आणि चर्चा सगळ्यांत कमी त्याचीच. जुने नमुने झेरॉक्स होत राहिले. ‘साहेब फुल फोटो मागतात’ म्हणून मुलाला पुन्हा उभं करणारे पालक आजही भेटतात. अशा वेळी फोटोवाल्याने आधी अर्ज वाचायला मागावा. चौकटीत ‘फक्त चेहरा’ लिहिलं असेल तर प्रश्न मिटला.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले, त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आला. पूर्व विदर्भात याचा अर्थ मोठा होता. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात या आजाराची मुलं पुष्कळ, आणि फोटोत दाखवण्यासारखं बहुधा काहीच नाही. २०१७च्या नियमांतल्या नमुन्यांनी चेहऱ्याचीच अट कायम ठेवली. दाखवण्याची पद्धत एका आडवाटेने मात्र परत आली. आधार नोंदणीत बोटांचे ठसे किंवा बुबुळ घेता येत नसेल तर चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा अपवादाचा फोटो घेतात. तिथे निदान कारण स्पष्ट आहे: ठसा का नाही, याची नोंद.

चेहरा पुरेसा ठरला तसा भार एडिटिंगवर आला. फोटोशॉप ७च्या काळात पोरगं गोरं करणं, गाल गुळगुळीत करणं एवढंच चाले. २०१६च्या मध्यावर फोटोशॉपच्या लिक्विफाय या आकार बदलणाऱ्या साधनात डोळे, नाक, ओठ, हनुवटी आपोआप ओळखून सरकवणाऱ्या पट्ट्या (स्लायडर) आल्या. एकीकडे कायदा प्रकार वाढवत होता, त्याच वर्षी डोळ्यांचा कल आणि जबड्याची रुंदी एका पट्टीने बदलायला लागली. आता मोबाइलचा ब्युटी मोड न विचारताच ते करतो. अंधुक फोटो साफ करणारी एआय ॲप्स त्याहून पुढची: हजारो चेहऱ्यांवरून शिकलेला सरासरी चेहरा ती भरतात, त्यात डाऊन सिंड्रोमच्या मुलाचे डोळे बदलतात, दुभंगलेल्या ओठाची शिवण पुसली जाते. असा फोटो ओळखपत्रावर गेला की पडताळणीच्या वेळी चेहरा जुळत नाही आणि हेलपाटा पालकांना पडतो.

रिटचिंगमधला जुना नियम इथे चालतो: पंधरा दिवसांत जाणारं काढा, राहणारं ठेवा. लाळ, शेंबूड, फिसकटलेलं काजळ, डास चावल्याची गांधी, लटकता धागा काढावा. व्रण, तिरळेपणा, झुकलेली पापणी, डोक्याचा आकार यांना हात लावू नये. नाकातली नळी किंवा ऑक्सिजनची कॅन्युला याबद्दल घरच्यांना विचारावं. ओळखपत्रासाठी काढता येते का, हे डॉक्टरच सांगतील.

एडिटिंग जितकं कमी हवं, तितकं काढतानाचं काम नीट लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या मुलाला आधी बसवा: कंबर आणि गुडघे काटकोनात, तळपाय पाटावर टेकलेले, मानेमागे उशी. काही मुलांची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो. म्हणून बाजूने हाक मारू नये; आईला लेन्सच्या बरोबर मागे उभं करावं. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अंतर पाच-सहा फूट, क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स. हालचाल जास्त असेल तर शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान, ॲपर्चर एफ/४, आयएसओ वाढला तर वाढू द्यावा. फोटोत दाणे आले तर चालतात, हललेला डोळा चालत नाही. फ्लॅश टाळावा, आणि फिट येणाऱ्या मुलासमोर डोळे लाल येऊ नयेत म्हणून फ्लॅश मारतो ते (रेड-आय) लागोपाठचे झगझगाट तर बंदच.

उजेडासाठी ओसरी सगळ्यांत बरी. मूल सावलीत, तोंड अंगणाकडे. निळीचा चुना मारलेल्या भिंतीला चिकटून बसवलं की सावळ्या गालावर निळसर झाक येते. शिबिराच्या मंडपात कनातीचा लाल-हिरवा रंग चेहऱ्यावर उतरतो. हिरव्या नेटखाली तर मूल आजारीच दिसतं. पहिल्या फ्रेममध्ये कोरा पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स लावून घ्यावा, नाहीतर ‘गोरं करा’ची मागणी तिथूनच सुरू होते. चष्म्यावर चमक आली तर काड्या कानावर थोड्या वर उचलाव्यात.

८ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने दृश्यमाध्यमांतल्या दिव्यांगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्याआधी २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची संमती गरजेची ठरवली. स्टुडिओच्या स्टेटसवर नमुना म्हणून असा फोटो टाकणाऱ्यांपर्यंत दोन्हींतलं फारसं काही पोचलेलं दिसत नाही.

चौकट आता दिव्यांग ओळखपत्राच्या (यूडीआयडी) पोर्टलवर गेली आहे. तिथे फोटो १५ ते ३० केबीत बसवावा लागतो. केंद्रावरचा ऑपरेटर मोठी फाईल कुठल्याशा साइटवर दाबतो आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. हे टाळायचं तर आधी क्रॉप, मग रुंदी दोनशे-अडीचशे पिक्सेल, शार्पन न करता जेपेगचा दर्जा ७०च्या आसपास. मागे साधा फिका पडदा हवा, कारण फुलाफुलांच्या चादरीचा तपशीलच निम्मे केबी खातो. छपाईसाठी ४१३ बाय ५३१ पिक्सेलची वेगळी फाईल ठेवावी आणि दोन्ही फाइली पालकांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात. फोटो म्हणून पाठवल्या की त्या पुन्हा दाबल्या जातात.