हत्यारांची मांडणी आणि साठवण

घरच्या कार्यशाळेतील हाताने वापरायची हत्यारे (करवती, पटाश्या, रंधे, कानशी, पाने, पकडी, हातोड्या, मोजमापाची साधने) चटकन हाती लागावीत, त्यांची धार व अचूकता टिकावी, गंज चढू नये आणि कोणाला इजा होऊ नये, अशा बेताने प्रत्येकाला ठरावीक जागा देण्याची पद्धत. पेटी, खणांचे कपाट आणि भिंतीवरची फळी ही तिची नेहमीची रूपे.

मांडणी जमली की नाही, हे हत्यार काढताना कळत नाही, ते परत ठेवताना कळते. काढताना गरज असते, म्हणून माणूस दोन डबे हलवून तिसरा उघडतो. काम झाल्यावर तेवढी खटपट कोणी करत नाही आणि हत्यार टेबलावरच राहते. म्हणून एका हातात लाकूड धरलेले असताना दुसऱ्या हाताने हत्यार जागेवर ठेवता आले पाहिजे. रोज लागणारी दहा-पंधरा हत्यारे खांदा ते कंबर या उंचीत, उभ्या जागेवरून हात पोचेल अशी असावीत. महिन्यातून एकदा लागणारी वरच्या फळीवर किंवा खणात गेली तरी चालते. जड वस्तू नेहमी खाली.

लाकडी पेटी हे यातले सर्वांत जुने साधन. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मेस्टरमीर येथे १९३६ मध्ये नांगरताना व्हायकिंग काळातील (सुमारे आठवे ते अकरावे शतक) ओकची एक पेटी वर आली; तिच्यात आणि तिच्या आसपास मिळून सुतारकामाच्या व लोहारकामाच्या सुमारे दोनशे वस्तू मिळाल्या. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवरही सुतारांच्या हत्यारांच्या पेट्या सापडल्या. पियानो बनवणारे अमेरिकी कारागीर हेन्री ओ. स्टडली (१८३८–१९२५) यांच्या भिंतीवरच्या पेटीत तर तीनशेच्या आसपास हत्यारे थरांवर थर रचून बसवली आहेत. पुढची चौकट बाजूला वळवली की मागची हत्यारे दिसतात. कारागिरी म्हणून ती अजोड आहे, पण घरी तिचे अनुकरण करू नये. प्रत्येक खाच एकाच हत्याराच्या मापाने कोरली की पुढे आणलेल्या नव्या हत्याराला जागाच उरत नाही.

भिंतीवर लावण्यासाठी पेगबोर्ड, म्हणजे भोके पाडलेला हार्डबोर्ड, सर्रास वापरतात. भोके साधारण २५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि जाडी ३ किंवा ६ मिलिमीटर. पातळ बोर्डात हत्यारे टांगायचे आकडे (हुक) सैल बसतात आणि हातोडी उचलली की आकडाही तिच्याबरोबर निघून येतो. शक्यतो जाड बोर्डच घ्यावा. बोर्ड भिंतीला चिकटवून ठोकला तर आकडे आत शिरतच नाहीत, त्यामुळे मागे पट्ट्या मारून फट ठेवावी लागते.

याहून भक्कम पद्धत फ्रेंच क्लीटची. एक फळी लांबीच्या दिशेने ४५ अंशांत चिरतात. एक तुकडा तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती येईल असा भिंतीत स्क्रूने घट्ट बसवतात, दुसरा उलटा करून रॅकच्या पाठीला लावतात. रॅक वरून अडकवला की त्याचे वजनच त्याला भिंतीशी ओढून धरते. हवा तेव्हा तो उचलून दुसरीकडे लावता येतो. हत्यारे वाढत जाणाऱ्या घरात हा फायदा मोठा आहे. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवण्याची पद्धत कारखान्यांतून आली. रिकामी आकृती दिसली की काय गहाळ आहे ते दुरूनच कळते.

धारेच्या हत्यारांना वेगळी वागणूक लागते. पटाश्या एका डब्यात टाकल्या तर पाती एकमेकींवर आपटतात आणि धारेला बारीक खाचा पडतात. अशा पटाशीने लाकूड तासले की तेवढ्याच रुंदीच्या उभ्या रेघा उमटतात. त्या घालवायला धार पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते. त्यामुळे पटाश्या खाचा पाडलेल्या फळीत, मूठ वर ठेवून उभ्या लावाव्यात किंवा जाड कापडाच्या कप्प्यांत गुंडाळाव्यात. कानशीचे पोलाद कठीण आणि ठिसूळ असते, म्हणून दोन कानशी एकमेकींवर घासल्या की दोघींचे दात जातात. करवतीच्या दातांवर चिरलेली नळी किंवा खाच पाडलेली पट्टी बसवतात. चुंबकीय पट्टी सोयीची दिसते, पण हत्यारात थोडे चुंबकत्व उतरते आणि धार लावताना निघालेला लोखंडाचा कीस पात्यालाच चिकटून राहतो.

गंजाचे खरे कारण ओलावा, पण तो बहुधा पाण्याच्या रूपाने येत नाही. रात्रभर थंड झालेल्या पोलादावर सकाळची उबदार, दमट हवा आली की डोळ्यांना न दिसणारा दवाचा थर बसतो. हाताच्या घामातील मीठ त्यात भर घालते; बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटलेले अनेकांनी पाहिले असतील. लाकडाचा भुसा ओल धरून ठेवतो, म्हणून भुशाने माखलेले हत्यार तसेच ठेवू नये. पुसून खनिज तेलाचा पातळ हात फिरवला तरी पुरते. खाद्यतेल वापरू नये, ते काही दिवसांत चिकट होते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीतच उपयोगी पडतात. उघड्या फळीवर त्या काही तासांत हवेतील ओल पिऊन निकामी होतात. ओकसारख्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, तेव्हा अशा लाकडाच्या बंद खणात उघडे पोलाद ठेवणे जोखमीचे. सर्वांत वाईट शेजार मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या सफाईच्या द्रावणाचा. बाटलीचे झाकण किंचित सैल असले तरी तिच्या वाफेने त्या खोलीतील सगळे लोखंड तांबूस होऊ शकते.

मोजमापाची साधने हातोडी-पकडींच्या खणात कधीच ठेवू नयेत. गुण्या एकदा पडला तरी त्याचा काटकोन बिघडू शकतो आणि ते नजरेला दिसत नाही. मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजण्याचे साधन) ठेवताना त्याचे दोन्ही जबडे घट्ट मिटवायचे नसतात. तापमान वाढल्यावर धातूला प्रसरण पावायला वाव राहावा, म्हणून मध्ये थोडी फट सोडतात. क्लिक पद्धतीचा टॉर्क पाना (नट-बोल्ट ठरवलेल्या जोराइतके आवळले की ‘टक्’ वाजणारा पाना) वापर संपल्यावर त्याच्या मापपट्टीवरील सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवतात, म्हणजे आतली स्प्रिंग दाबाखाली राहत नाही. मात्र त्या आकड्याच्याही खाली सैल करत नाहीत.