‘एट-ए’च्या यादीत भारतीय कसे आले: पार्श्वभूमी

व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या मराठी व्यावसायिकांत बसलं की ‘एट-ए’ हा शब्द सातबाऱ्यासारखा सहज कानावर येतो. त्यांचं एट-ए आहे, आमचं अडकलंय, ते पुढच्या वर्षी ग्रॅज्युएट होताहेत, म्हणजे मुदत संपून बाहेर पडताहेत. मुळात हे अमेरिकेच्या लघुउद्योग कायद्यातलं एक कलम: आठ, उपकलम ए. वंचित ठरलेल्या छोट्या उद्योजकाला याचा दाखला मिळाला की नऊ वर्षं राखीव सरकारी कंत्राटांची दारं उघडी, आणि हा दाखला माणसाला आयुष्यात एकदाच. 2023 पासून या दाखल्याचं जे काही चाललंय त्याची मुळं 1982 च्या एका निर्णयात आहेत. तो निर्णय आपल्याच लोकांबद्दलचा असूनही आपल्यात तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

कलम आधी कित्येक वर्षं नुसतं पुस्तकात पडून होतं. लघुउद्योग खात्याने इतर खात्यांकडून स्वतः कंत्राट घ्यायचं आणि छोट्या कंपनीला पोटकंत्राट द्यायचं, एवढीच त्यात तरतूद होती. वंशाचा उल्लेखही नव्हता. 1967 च्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट पेटलं. कृष्णवर्णीय वस्त्यांत स्वतःचे उद्योग उभे राहिले पाहिजेत हे वॉशिंग्टनला तेव्हा पटलं, आणि हे कलम त्या कामाला जुंपलं गेलं. 1969 मध्ये अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने वेगळं कार्यालय निघालं. हे दार कुणासाठी उघडलं, कुणाच्या रक्तामुळे उघडलं, हे विसरून पुढचं काही बोलू नये असं मला मनापासून वाटतं. आपण त्यातून नंतर आत आलो.

1978 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या कार्यक्रमाला कायद्याचा पक्का आधार दिला आणि एक शब्दप्रयोग रूढ केला: ‘सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचित’. आपल्या राज्यघटनेतल्या ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास’शी तो इतका मिळताजुळता दिसतो की मराठी माणूस लगेच तहसील कचेरी, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर असं सगळं डोळ्यांपुढे आणतो. तिथेच घोळ होतो. अमेरिकेत वंशाचा दाखला देणारा तहसीलदार नाही. कायद्याने ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ची व्याख्या केली ती अशी: माणसाचे वैयक्तिक गुण न बघता, तो अमुक गटातला आहे एवढ्यावरून ज्याला वांशिक पूर्वग्रहाला तोंड द्यावं लागलं तो. ‘आर्थिकदृष्ट्या वंचित’ची कसोटी स्वतंत्र. आज त्यात राहतं घर आणि स्वतःचा धंदा वगळून उरलेली मालमत्ता 8,50,000 डॉलरच्या आत लागते. म्हणजे क्रीमी लेयरसारखी चाळण आहेच, पण ती दुसरी. पहिली चाळण अनुभवाची आहे.

आता अनुभव सिद्ध कसा करायचा? त्यासाठी ‘गृहीतका’ची सोय केली गेली. काही गटांतल्या माणसांना असा अनुभव आला असणारच असं सरकार धरून चालेल, त्यांनी वेगळा पुरावा द्यायची गरज नाही. कायद्यात आधी कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक आणि मूळनिवासी अमेरिकनांची नावं होती. वर्ष-दोन वर्षांत ‘एशियन पॅसिफिक’ लोक आले. भारतीय नव्हते.

का नव्हते? कारण आपण कोण हेच अमेरिकेचं ठरत नव्हतं. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शीख अर्जदाराला तुम्ही ‘गोरे’ नाही असं सांगून नागरिकत्व नाकारलं. 1970 च्या जनगणनेत मात्र भारतीयांची मोजदाद गोऱ्यांतच झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात सरकारी वर्गवारी ठरवणाऱ्या समितीच्या मसुद्यातही उपखंडातले लोक गोऱ्यांच्या रकान्यात होते. भारतीयांच्या एका संघटनेने त्याला हरकत घेतली. चेहऱ्यावरून आम्हाला नोकरीत डावललं जातं आणि कागदावर मात्र आम्ही गोरे, हे कसं, असा तिचा मुद्दा. शिकागोतल्या दुसऱ्या एका संघटनेने उलट भूमिका घेतली: आपल्याला या संरक्षणाची गरज नाही, आणि ते मागितलं तर लोकांचा रोष ओढवेल. दोन्हीकडे 1965 नंतर आलेले शिकलेसवरलेले लोकच होते. ही भांडणं त्या काळी महाराष्ट्र मंडळाच्या बैठकांतूनही झाली असणार, आजही होतात.

1977 च्या सरकारी निर्देशात उपखंड आशियाई रकान्यात गेला. तरी कंत्राटांच्या यादीत आपण नव्हतो, कारण तिथल्या ‘एशियन पॅसिफिक’मध्ये चिनी, जपानी, फिलिपिनो, व्हिएतनामी वगैरे देश नावानिशी होते आणि भारत नव्हता. एकाच सरकारच्या एका फॉर्मवर आशियाई, दुसऱ्यावर नाही. शेवटी भारतीयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने लघुउद्योग खात्याकडे रीतसर अर्ज केला आणि 1982 मध्ये तो मान्य झाला. नंतर त्यातूनच ‘उपखंडीय आशियाई अमेरिकन’ हा वेगळा गट आकाराला आला: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, नेपाळ, मालदीव.

माझ्या मते कच्चा दुवा इथेच आहे. गट आत घ्यायचा की नाही हे अर्जावर ठरत गेलं. ज्यांच्याकडे वकील, संघटना आणि चिकाटी होती ते आत आले. कट्टर परंपरानिष्ठ हसिदिक ज्यूंचा अर्ज धर्माच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, 1989 मध्ये इराण्यांचाही नाकारला गेला, इंडोनेशियन मात्र आत आले. भारतीयांना पूर्वग्रहाचा त्रास झाला नाही असं मी अजिबात म्हणत नाही. एकोणीसशे सत्याऐंशीच्या सुमारास न्यू जर्सीत टिकली लावणाऱ्या बायकांना काय सोसावं लागलं ते त्या काळच्या कुणालाही विचारा. पण एकदा यादीत आलेल्या गटाचा दर काही वर्षांनी फेरआढावा घ्यायला हवा होता, आणि तो घेतला गेला नाही. पुढे न्यायालयात याचीच किंमत मोजावी लागली, आणि ती सर्वांत जास्त मोजावी लागली ज्यांच्यासाठी कार्यक्रम निघाला त्यांना.

मधल्या निकालांचं थोडक्यात सांगते. 1989 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराची, कंत्राटातलं 30 टक्के काम अल्पसंख्याकांच्या उद्योगांना द्यायची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. 1995 मध्ये कोलोरॅडोतल्या रस्त्याकडेच्या कठड्यांच्या एका कंत्राटावरून ठरलं की केंद्र सरकारच्या वंशाधारित सवलतीही सर्वांत कडक कसोटीवर तपासल्या जातील. एट-ए त्यातूनही टिकलं.

19 जुलै 2023 ला टेनेसीतल्या एका जिल्हा न्यायालयाने गृहीतकच काढून टाकलं. फिर्यादी एका गोऱ्या बाईंची छोटी कंपनी होती. शेतीखात्याची जी कामं ती करायची ती एट-एकडे वळवली गेली होती. कुठला विशिष्ट भेदभाव दूर करायचा आहे आणि कुठवर, हे सरकारला दाखवता आलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कार्यक्रम बंद झाला नाही. काही आठवडे नवे अर्ज थांबले आणि मग नियम आला: ज्यांनी गृहीतकाच्या जोरावर प्रवेश घेतला त्या सगळ्यांनी आपल्यावर झालेल्या अन्यायाचं निवेदन लिहून द्यावं. सहसा दोन प्रसंग; फारच गंभीर असेल तर एक. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. आणि त्यामुळे शिक्षणात, नोकरीत किंवा धंद्यात काय नुकसान झालं. यादीबाहेरच्या अर्जदारांना हे आधीपासूनच करावं लागत होतं.

मी व्हर्जिनियातल्या हर्नडनजवळ दोन-तीन छोट्या कंपन्यांचे हिशेब बघते. त्या सप्टेंबरात एका मैत्रिणीच्या डायनिंग टेबलावर आम्ही हे निवेदन लिहायला बसलो. तिच्याकडे अकरा माणसं कामाला, सरकारी नोंदींची साफसफाई हे काम. चहा दोनदा गार झाला.

"अगं, अपमान आठवायचे आणि वर त्यांना तारखा लावायच्या?" ती म्हणाली.

मग तिने जुना लॅपटॉप काढला. 2014 ची एक मेल सापडली. एका मोठ्या कंत्राटदाराच्या माणसाने लिहिलं होतं की तुमचं नाव ग्राहकाला उच्चारता येणार नाही, तेव्हा बॅजवर दोन अक्षरांचं टोपणनाव घालतो, आणि सादरीकरणाला बोलायला आमच्याकडचा कुणी पाठवतो. ते काम नंतर तिच्याकडून गेलं. तिला हा प्रसंग किरकोळ वाटत होता. मला तो पक्का वाटला, कारण तारीख होती, नाव होतं, आणि गेलेल्या कामाची रक्कम होती. दुसरा प्रसंग बँकेतला. तो तिने दहा मिनिटांत लिहिला.

खरं तर तिने सगळ्यात आधी लिहिला होता तो तिसराच. लातूर जिल्ह्यातलं वसतिगृह, अकरावी, पाण्याच्या माठावरून झालेला प्रकार. ते अर्धं पान वाचताना माझे हात थरथरले. पण नियमात स्पष्ट आहे की वंचितपणा अमेरिकेतल्या समाजात सोसलेला हवा, इतर देशातला चालत नाही.  उपखंडीय गटात ती आणि तिला माठाला हात लावू न देणाऱ्या घरातली मुलगी, दोघी एकाच रकान्यात, एकाच गृहीतकाखाली चाळीस वर्षं होत्या. भारतात 2012 च्या खरेदी धोरणाने अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के वेगळे ठेवले. तो हिशेब इथल्या कुठल्याच फॉर्मवर नाही.

2025 मध्ये वंचितांच्या उद्योगांसाठीचं सरकारी कंत्राटांतलं लक्ष्य 15 टक्क्यांवरून कायद्यातल्या 5 टक्क्यांवर आलं, आणि ऑक्टोबरात रस्तेवाहतुकीच्या कंत्राटांतूनही वंश आणि लिंग यांवरचं गृहीतक गेलं. तिथेही आता प्रत्येकाने आपापली कहाणी लिहायची आहे.

मैत्रिणीचं निवेदन दोन प्रसंगांवर गेलं आणि मंजूर झालं. ते अर्धं पान मी तिच्या परवानगीने फाईलमधून काढलं. तिने ते घडी घालून पोळ्यांच्या डब्याखालच्या खणात ठेवलं.