मोटारीच्या दिव्यांची परदेशप्रवासासाठी तयारी

मोटारीचे पुढील दिवे रस्त्याच्या ज्या बाजूच्या वाहतुकीसाठी घडवलेले असतात, तिच्या उलट बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशात मोटार नेण्यापूर्वी दिव्याचा झोत वळवणे किंवा त्याचा काही भाग झाकणे, तसेच त्या देशाच्या नियमांनुसार लागणारी साधने गाडीत ठेवणे. विदर्भाच्या ग्रामीण भागातील मोटार देशाबाहेर जाते ती बहुधा नेपाळला, पशुपतिनाथ किंवा मुक्तिनाथाच्या यात्रेसाठी. नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर असे करत सोनौलीची हद्द ओलांडता येते. नेपाळ, भूतान व बांगलादेश या तिन्ही देशांत वाहतूक भारताप्रमाणे डावीकडूनच चालते, त्यामुळे तेथे दिव्यांना हात लावण्याची गरज नसते. प्रश्न उभा राहतो तो मणिपूरमधील मोरेहून म्यानमारमध्ये शिरताना. त्या देशाने १९७० मध्ये उजवी बाजू स्वीकारली. तेथे उजव्या सुकाणूच्या गाड्या पुष्कळ आहेत. पण दिव्याचा संबंध सुकाणूशी नसून रस्त्याच्या बाजूशी आहे, ही गोष्ट गाडीचे जाणकारही पुष्कळदा विसरतात.

झोताची रचना : वरचा झोत (अप्पर) दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, म्हणून या विषयात त्याला महत्त्व नाही. खालचा झोत (डिपर) मात्र असममित असतो. हा प्रकार युरोपात १९५७ च्या सुमारास रूढ झाला. त्याआधीचे डिपर सममित असत आणि ते सीमेपलीकडे नेताना अडचण येत नसे. डाव्या वाहतुकीच्या दिव्यात प्रकाशाची वरची कड उजवीकडे आडवी व सपाट असते, तर डावीकडे ती सुमारे १५ अंशांनी वर चढते. या चढत्या पाचरीमुळे कडेचा पादचारी, मैलाचा दगड किंवा फलक लांबून दिसतो. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या बैलगाडीला मागे दिवा नसतो, फार तर साट्याला ठोकलेली लाल चकाकती पट्टी असते. ती पट्टी चमकते ती याच पाचरीत. उजव्या वाहतुकीच्या देशात हीच पाचर समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर जाते, आणि जी कड उजळायला हवी ती उजवी कड अंधारात राहते.

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये (१२ व्होल्ट, ६०/५५ वॉट) डिपरच्या तारेखाली धातूची लहान वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा अर्धा भाग कामी येतो. वाटीची एक कड तिरपी कापलेली असते आणि पाचर तिच्यातून निर्माण होते. काही युरोपीय दिव्यांत बल्ब किंचित फिरवणारी खटकी मागच्या बाजूला असे. अलीकडच्या एलईडी दिव्यांपैकी काहींत हा बदल गाडीच्या पडद्यावरून करता येतो. दिवा कोणत्या बाजूचा आहे हे काचेवरच कोरलेले असते. आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या दिव्यावर वर्तुळातील ई या रोमन अक्षराजवळ, गाडीसमोर उभे राहून पाहिल्यास, उजवीकडे रोखलेला बाण दिसला तर दिवा डाव्या वाहतुकीचा; दुतोंडी बाण असल्यास तो दोन्हीकडे चालतो; बाण नसल्यास उजव्या वाहतुकीचा.

काळा ठिपका व त्याचा उगम : विदर्भातील जुने ट्रक, जीप व मेटॅडोर यांच्या दिव्यांच्या मधोमध काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्या भागावर काळा रंग दिसत असे. परदेशी जाताना काचेवर लावायची पट्टी आणि हा ठिपका एकच, अशी समजूत गॅरेजांत आढळते. दोन्हींचे काम वेगळे आहे. ठिपक्याच्या उगमाबद्दल दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार तो युद्धकालीन ब्लॅकआउटचा अवशेष होय. दुसऱ्या महायुद्धात, तसेच १९६५ व १९७१ च्या युद्धांत मोटारींचे दिवे काळे करण्याचे आदेश निघाले होते, हे या मताला बळ देते. दुसरे मत ठिपक्याचा संबंध रस्त्यावरील चकाकीविरुद्धच्या मोहिमांशी जोडते; वाहतूक पोलीस नाक्यावर गाड्या थांबवून ब्रशने ठिपके काढत, ही प्रथा बरीच अलीकडेपर्यंत चालू होती.

ही दोन मते वस्तुतः दोन वेगळ्या खुणांविषयी असावीत. विमानातून दिसू नये यासाठी काचेचा वरचा भाग झाकणे समजण्यासारखे आहे. मधल्या ठिपक्याने मात्र वरून दिसणारा प्रकाश जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे ठिपक्यापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्ध्या काळ्या काचेची परंपरा ब्लॅकआउटकडून आली असणे शक्य आहे, आणि चकाकीच्या मोहिमेने तिला पुढे वेगळे कारण पुरवले असावे. तांत्रिक दृष्ट्या दोन्ही उपाय कच्चे आहेत. ठिपक्याने झोताची तीव्रता कमी होते. प्रकाशाची कड आहे तेथेच राहते. एच-४ दिव्याची वरची अर्धी काच रंगवली तर डिपरचाच मोठा भाग झाकला जातो, कारण डिपर वरच्या परावर्तकावरून येतो. चालकाला रस्ता दिसेनासा होतो आणि तो अप्पर लावून धावू लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये (नियम १०६) ठिपक्याऐवजी झोताच्या कलाचा विचार आहे : दिव्यापासून ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत खाली असावा.

परदेशासाठीची पट्टी याहून नेमकी असते. ती काचेच्या फक्त त्या भागावर बसते, जेथून पाचर बाहेर पडते, आणि ही जागा प्रत्येक बनावटीच्या दिव्यात निराळी असते. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी बाजू सोडून उजवी स्वीकारली, त्याआधी तेथे विकलेल्या नव्या दिव्यांवर अशीच अपारदर्शक चिकटपट्टी होती व त्या तारखेपूर्वी ती काढू नये अशी सूचना छापलेली असे. पट्टी घरी करायची झाल्यास विजेच्या कामाची काळी टेप चालते, पण जागा भिंतीवर झोत पाडूनच ठरवावी. विदर्भातील उन्हाळ्यात गोंद वितळून काचेवर चिकटून राहतो. जुन्या जीपच्या खऱ्या काचेवरून तो घासून निघतो. आजच्या पॉलिकार्बोनेटच्या काचेवर थिनर किंवा पेट्रोल लावल्यास ती कायमची धुरकट होते.

कल तपासणे : बाजू कोणतीही असो, ओझ्याने कल बिघडतो. बोलेरोच्या मागच्या भागात सहा माणसे व टपावर कॅरिअरभर सामान असले की गाडीची मागची बाजू खाली बसते, तोंड वर उठते आणि डिपरही अप्परसारखा लागतो. तपासणी जिनिंगच्या किंवा गोदामाच्या सपाट भिंतीसमोर दिवस मावळल्यावर करतात. जमीन समतल हवी, टायरांत हवा पुरेशी हवी, गाडी प्रवासाइतकीच भरलेली हवी. भिंतीपासून १० मीटरवर उभी करून दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखतात. एक टक्का कलाच्या दिव्यात प्रकाशाची कड या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली पडते. सुकाणूजवळ दिव्यांचा कल बदलणारी ० ते ३ आकड्यांची चकती असल्यास आधी ती फिरवून पाहावी. दिव्यामागच्या स्क्रूला हात नंतर लावावा.

इतर साधने : धोक्याचा लाल त्रिकोण भारतात नव्या गाडीबरोबर येतो, पण तो डिकीच्या तळाशी वर्षानुवर्षे पाकिटातच राहतो. फ्रान्समध्ये त्रिकोण व चमकदार जाकीट २००८ पासून सक्तीचे आहे. त्याच देशात पिवळ्या दिव्यांचा नियम १९३६ पासून १९९३ पर्यंत होता. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात. आपल्याकडे दिवसा दिवा लावला की समोरचा चालक मूठ उघडझाप करून लक्षात आणून देतो.

गाडीच्या मागे देशाचे चिन्ह, भारतासाठी आयएनडी ही तीन रोमन अक्षरे, पांढऱ्या लंबवर्तुळात काळ्या रंगात लावतात; अक्षरांची उंची किमान ८ सेंटिमीटर असावी लागते. नंबरप्लेटही रोमन अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांत हवी. एमएच २९ किंवा एमएच ३२ देवनागरीत रंगवून घेण्याची हौस यवतमाळ-वर्ध्याकडे जुनी असली, तरी ती नियमात बसत नाही आणि सीमेवर ती पाटी कुणाला वाचता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्चसुरक्षा पाटी लागत असल्याने हा प्रश्न जुन्या गाड्यांपुरता उरला आहे. नेपाळच्या हद्दीवर वाहनासाठी भन्सारची (सीमाशुल्काची) पावती घ्यावी लागते. जेथे आंतरराष्ट्रीय चालक परवाना मागतात, तेथे तो आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयातून निघतो. त्याची मुदत एक वर्षाची असते.