ब्रिटिश दफनभूमी, दोनापावल

पणजीच्या दोनापावल उपनगरात राजभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेली इंग्रजांची जुनी दफनभूमी. नेपोलियनकालीन युद्धांत गोव्यात मुक्कामास असलेल्या ब्रिटिश फौजेची ही खूण आहे.

ही फौज गोव्यात का आली, याविषयी मतभेद आहेत. टिपू सुलतान आणि फ्रेंच यांच्या युतीचे भय, हे कारण सर्रास दिले जाते. पण टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ रोजी पडली आणि फौज गोव्यात उतरली ती त्यानंतर, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात. त्यामुळे समुद्रमार्गे फ्रेंच हल्ला होण्याची धास्ती, हे कारण अधिक ग्राह्य वाटते. मुक्कामाचा काळ सामान्यतः १७९९ ते १८१३ असा धरतात. तो सलग नसावा. १८०२ च्या तहाने इंग्रज-फ्रेंच युद्ध थांबले, १८०३ मध्ये पुन्हा पेटले. १८०७ च्या अखेरीस फ्रेंचांनी पोर्तुगालच व्यापल्यावर गोव्याचे लष्करी महत्त्व वाढले. या प्रसंगाला ‘ताबा’ म्हणण्याची प्रथा आहे; परंतु कारभार पोर्तुगीजांकडेच राहिला, म्हणून ‘मित्रसैन्याची छावणी’ हा शब्द वस्तुस्थितीला जवळचा आहे. आग्वाद आणि काबो (आजचे राजभवन) ही तिची मुख्य ठाणी.

स्वतंत्र दफनभूमीची गरज धर्मभेदातून निर्माण झाली. मराठी वाचकाला फिरंगी (पोर्तुगीज) आणि इंग्रज दोघेही ख्रिस्ती म्हणून एकच वाटतात, पण पोर्तुगीज कॅथलिक, तर इंग्रज अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे), म्हणजे प्रॉटेस्टंट, आणि कॅथलिक चर्चच्या पवित्र केलेल्या भूमीत प्रॉटेस्टंटांना जागा नसे. गोव्यातील इन्क्विझिशन (कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय) १८१२ मध्ये कायमचे बंद झाले; म्हणजे छावणीच्या बहुतेक काळात ते चालू होते. अँग्लिकन पाद्री क्लॉडियस ब्यूकॅनन १८०८ च्या जानेवारीत गोव्यात आला, तो इन्क्विझिशनच्याच एका अधिकाऱ्याचा पाहुणा म्हणून राहिला, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

सर्वांत जुनी दफने १९व्या शतकाच्या पहिल्या दशकातील मानतात. फौज परतल्यानंतरही गोव्यात मरण पावलेल्या इंग्रजांना येथे पुरले जाई. अखेरचे दफन १९१२ चे सांगितले जाते. थडग्यांवरील लेख इंग्रजीत आहेत. पावसाळ्यात अक्षरांवर शेवाळ धरते. लेख वाचायचे असल्यास कोरड्या दिवसांत, उन्हे तिरपी असताना जावे.